मुरायला ठेवलेलं केशर

केशराचे कंद पहिल्यांदा घरी आले तेव्हा मी त्यातले तीन-चार सोलून बसले होते. एका पाकळीचा लसूण असतो ना, थेट तसे दिसत होते, वर तपकिरी, जाळीदार साल. मला वाटलं, बाजारातून फोडणीचं काहीतरी आलं. तेवढ्यात पोरीचे बाबा मागून ओरडले, "अवं, काय करून राह्यली तू? काश्मीरहून आलं ते!"

मी विळी बाजूला सारली. हा किस्सा आमच्या घरात अजून सांगतात. मी स्वतःच सांगते, अगदी हातवारे करून. घरात गोष्टी सांगायचा मक्ता माझ्याकडे आहे आणि निम्म्याअधिक गोष्टींत वेडी मीच असते. केशराची गोष्ट मात्र मी नेहमी विळीपाशीच थांबवते. इथे पुढची लिहिते आहे.

आमचं गाव अमडापूरजवळ, घाटावर. आमच्या बुलडाणा जिल्ह्यात माणसांच्या दोनच जाती खऱ्या, घाटावरची आणि घाटाखालची, आणि दोघं एकमेकांना नावं ठेवून सुखात असतात. घाटाखाली ऊन फार. घाटावरच्यांना आपल्या थंड हवेचा असा काही गर्व, की जणू महाबळेश्वर आमच्याच भाऊकीतलं. आमची एकुलती एक लेक आम्ही घाटाखाली दिली, मोताळ्याला. जावई सोन्यासारखा. तरी उन्हाळ्यात फोन केला की पोरीचे बाबा पहिलं हेच विचारायचे, "काय जावईबुवा, जिवंत आहा न?"

लेकीला दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा पोट रिकामं झालं. तिसऱ्यांदा राहिले तेव्हा आम्ही कोणाला सांगितलंच नाही. फोनवरसुद्धा हळू बोलायचो, जसं काही ते मोठ्या आवाजाने दचकून निघून जाईल. चार महिने नीट गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळ चांगलं आहे. मग विहीणबाईंनी सुचवलं, केशराचं दूध सुरू करू. लेकीने डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, एखादी काडी घेतली तर हरकत नाही, गरजही नाही.

आता गरज नाही असं बापाला सांगून उपयोग असतो का? हे बाजारात जाऊन केशराची डबी घेऊन आले आणि आम्ही दोघं मोताळ्याला गेलो. मी स्वतः दूध आटवलं, चिमूटभर केशर सोडलं. क्षणात दूध केशरी झालं. मी विहीणबाईंकडे असं पाहिलं, जसं काही तो रंग मीच तयार केला. लेकीने पेल्यातली एक पाकळी बोटावर घेतली, चावली आणि हसायला लागली.

"बाबा, हे तं आपली करडई हाय."

मीही चावून पाहिली. करडईची पाकळी! आमच्या घरात वाडवडिलांपासून करडई होते. कापणीला हातमोजे घालून, पायाला फडकी गुंडाळून त्या काट्यांत मी अर्धं आयुष्य काढलं. आणि तीच करडई आम्ही डबीतून विकत घेऊन, घाट उतरून, लेकीच्या पेल्यात टाकली होती. विहीणबाई पदराआड हसत होत्या. जावई फोन आल्यासारखं करून बाहेर गेला.

परतताना पूर्ण घाट चढून वर आल्यावर पोरीचे बाबा म्हणाले, "माह्या लेकीले आता घरचंच केशर पाजतो. तू पाह्यत राह्य."

अशी ती कंदांची पेटी आली.

मागची खोली लेकीची होती. ती बारावीला असताना बांधलेली. तिथे यांनी लोखंडी मांडण्या लावल्या, त्यावर ट्रे, आणि ट्रेमध्ये एकेक कंद शेंडा वर करून बसवला. माती नाही, पाणी नाही, खत नाही. मी म्हटलं, "अहो, हे वाढणार कशावर?" तर म्हणे, कंदाच्या पोटातच सगळं असते. फुलं येऊन गेल्यावर मातीत लावायचे. भिंतीला ओली पोती टांगली, खिडकीला काळा कपडा लावला. चपला बाहेर. दार पटकन उघडायचं, पटकन लावायचं. देवघराचा एवढा बडेजाव आमच्याकडे कधी झाला नाही.

काश्मिरी व्यापाऱ्याचा फोन यायचा. तो अदबीने विचारायचा, "ठंडक का क्या इंतज़ाम है, जनाब?"

पोरीचे बाबा ऐटीत म्हणायचे, "हमारा बुलडाना ठंडाइच है, भाई. यहाँ पंखा भी नहीं लगता."

हे बोलताना ते पंख्याखाली बसलेले असायचे.

भाद्रपदात कंदांना पांढरे कोंब आले. आम्ही हरखलो. मग कोंबांतून हिरवी पाती निघाली, बारीक, गवतासारखी. पाती वाढली, आणखी वाढली, आणि फुलाचा पत्ता नाही. येणारा-जाणारा डोकावून म्हणायचा, "भाऊ, कांद्याची पात मस्त आली." शेवटी यांनी त्या व्यापाऱ्याला फोटो पाठवला. तो बिचारा म्हणाला, उकाड्यात ठेवलंत, जनाब. खालच्या ट्रेमधले अजून वाचतील, खोली गार करा, आजच.

ही बातमी मोताळ्याला कशी पोचली हे मी सांगत नाही. गोष्टी सांगणाऱ्या बाईच्या पोटात काय राहणार.

दसऱ्याच्या सुमाराला लेकीला सातव्या महिन्यात माहेरी आणायचं ठरलं होतं. जावई तिला कारमधून घेऊन आला आणि मागून एक छोटा टेम्पो आला. टेम्पोत त्यांच्याच झोपायच्या खोलीतला खिडकीचा एसी, चादरीत गुंडाळलेला.

"मामा, घाटावर म्हने रात्री गोधडी घ्या लागते?"

"जावईबुवा, जगाची हवा बदलून राह्यली. आमच्या घाटानं एकट्यानं काय करावं?"

"काही नोका करू. घाटाखालची थंडी आनली तुमच्यासाठी."

खिडकी लहान पडली, तर गवंड्याला बोलावून भिंत फोडली. संध्याकाळी घाटाखालचा एसी घाटावर घरघरायला लागला. पोरीचे बाबा खोलीच्या बाहेर उभे होते, तोंड पडलेलं आणि डोळ्यात हसू.

ऑक्टोबरच्या उकाड्यात ती एकच खोली गार. लेक दुपारी शाल पांघरून तिथेच खुर्ची टाकून बसायची. म्हणायची, "आई, थंडीत बसलं का हे पोटातलं लय उड्या मारते." बाबा दारातून ओरडायचे, दार लाव, गारवा जातो. ती म्हणायची, तुमच्या नातवंडाला गारवा पाहिजे का फुलांना? ते म्हणायचे, दोघांलेही, पन दार लाव.

दिवाळीच्या आधीच पहिलं फूल आलं. जांभळं, मऊ, बोटभर, आणि आत तीन लाल तुरे बाहेर झुकलेले. जीभ काढल्यासारखे. मग रोज सकाळी फुलं येत गेली, वरच्या ट्रेमध्ये कमी, खालच्यात जास्त. फूल उमलल्याच्या दिवशीच तोडायचं, संध्याकाळपर्यंत ते मान टाकतं. तोडून परातीत घ्यायचं आणि भोवती बसून एकेका फुलातून ते तीन लाल तंतू काढायचे. पिवळे तंतू घ्यायचे नाहीत, ते नुसते दिसायला. लेकीच्या बोटांना ते काम असं जमलं, की माझं एक फूल होईपर्यंत तिची ढीगभर व्हायची. मी चष्मा पुसण्यात वेळ काढायची. पाकळ्या उरायच्या त्या देवाला.

तंतू कागदावर पसरून खोलीतच सावलीत वाळवायचे. सकाळी शेंदूर सांडल्यासारखे दिसणारे तंतू दोन-चार दिवसांत इतके सुकायचे, की मी एकदा जोरात शिंकले तर बाबांनी मला खोलीतून हाकलून दिलं. ते वाळलेलं केशर काचेच्या बाटलीत, बाटली काळ्या कापडात, कापड पत्र्याच्या डब्यात, आणि डबा कपाटात. उजेड लागला की रंग उडतो म्हणे.

लेक रोज मागायची, "बाबा, एक काडी तं द्या आता."

"थांब जराशी. नव्या केशराले वास नसते. महिनाभर झाकून मुरू दे, मंग पाहजो."

"लोणचं हाय का ते?"

"लोनच्याहून नाजूक. तुले अर्धंकच्चं पाजू का? करडईवानी हसशीन पुन्हा."

ती हसायची. मी मध्ये पडायला हवं होतं का? नाही, मलाही तसंच वाटत होतं. डबा भरू दे, वास येऊ दे. नवव्या महिन्यात चांदीच्या पेल्यात देऊ. वेळ पुष्कळ होता.

भाऊबीज होऊन एकच दिवस झाला होता. सकाळी परातीभोवती बसलो होतो. लेकीचा हात फुलावरच थांबला. म्हणाली, "आई, हे आज हालत नाही."

मी म्हटलं, झोपलं असेल. गार पाणी दिलं, साखर दिली, डाव्या कुशीवर झोपवलं. पोटावर हात ठेवून बसले. मग पोरीचे बाबा गाडी काढायला गेले.

बुलडाण्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मशीन फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि पडदा हळूच आपल्याकडे वळवून घेतला. लेक त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. मी पडद्याच्या पाठीमागच्या वायरीकडे. जावई घाट चढून आला तेव्हा त्याला सांगायची पाळी माझ्यावर आली. माझ्याकडे एवढे शब्द असतात, तेव्हा एकही नव्हता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तो तिथल्या बाकावर बसला.

बाळंतपण मात्र सगळंच करावं लागलं. कळा द्याव्या लागल्या, तिने त्या सोसल्या, शेवटपर्यंत. आणि खोलीत कोणी रडलं नाही, म्हणजे ज्याने रडायला हवं होतं ते.

एवढ्या जिवाला अग्नी देत नाहीत. जावयाने ते कापडात घेतलं, कारमध्ये मांडीवर घेऊन बसला, आणि घाट उतरून मोताळ्याला शेताच्या बांधाशी नेलं. पोरीचे बाबा सोबत गेले होते. मी विचारलं, कुठे ठेवलं? ते म्हणाले, "सावली हाय तिथं." एवढंच.

घरी आलो तर मागच्या खोलीत एसी चालूच होता. त्या दिवसांची फुलं तोडायची राहून गेली होती. सगळ्या ट्रेमध्ये ती चुरगळून, पातीला चिकटून पडली होती.

लेकीला आम्ही माहेरीच ठेवलं. तिसऱ्या दिवशी तिला दूध उतरलं. मी छाती घट्ट बांधून दिली, डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या दिल्या. ती भिंतीकडे तोंड करून झोपायची. झंपर ओला झाला की स्वतःच उठून बदलायची आणि ओला पलंगाखाली सारायची, मला दिसू नये म्हणून. ती खोलीबाहेर गेली की मी तो काढून धुवायची, तिला कळू नये म्हणून.

आणि फुलं थांबेनात. कंदाला काय माहीत? सकाळी पोरीचे बाबा खोलीत जाऊन उभे राहिले, मग मला हाक मारली. आम्ही दोघांनी तोडली. घरात काय करावं ते कळत नव्हतं, आणि हे एकच काम असं होतं जे उद्यावर ढकलता येत नव्हतं. परातीभोवती आम्ही दोघंच बसायचो. मी चष्मा पुसत नव्हते. दिसायचं तेवढं दिसायचं.

गावात दोन मतं पडली. गिरणीवर दळण ठेवायला गेले तर एक बाई दुसरीला सांगत होती, केशर उष्ण, पाजलं असन दाबून. दुसरी म्हणाली, उष्ण नाही वं, त्या मशीनीच्या थंडीत बसत होती पोरगी. मी तिथेच उभी होते. एरवी मी दोघींनाही दळून काढलं असतं. मला एवढंच सांगायचं होतं की, बायांनो, तिने एक काडीसुद्धा चाखली नाही. ते कपाटात मुरतंय अजून. पण तोंड उघडलं आणि पिठाचा ठसका लागला, निदान मी तसं दाखवलं. दळण तिथेच टाकून घरी आले.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, कोणाचं काही चुकलं नाही. पोरीच्या बाबांनी हे मला रोज एकदा सांगायला सुरुवात केली. मग मी त्यांना सांगायची.

माझे थोरले दीर आमच्या भाऊकीत रीतीभातीचे जाणकार. कोणाला दहा दिवस, कोणाला तीन, कोणाला नुसती आंघोळ, सगळं तोंडपाठ. ते पहिल्याच आठवड्यात येऊन सांगून गेले होते, "आपल्याले सुतक नाही. लेकीचं लेकरू, ते बी जन्माआधीच गेलेलं. देवाजवळ दिवा लावत जा." मनाचे वाईट नाहीत ते. त्यांना वाटलं, आपण ओझं हलकं करतो आहोत.

सुतक नाही म्हणून कोणी बसायलाही आलं नाही. भाऊकीतल्या कोणी भाकरी आणली नाही. येणारे यायचे, तब्येतीची चौकशी करायचे आणि म्हणायचे, तरुण हाय, होईल पुन्हा. मी चहा ठेवायची. घरात माणूस गेलं आहे असं कोणी वागत नव्हतं. मग मीही तशीच वागायला लागले, नाइलाजाने, कारण दुसरं कसं वागायचं ते कुठे सांगितलेलंच नव्हतं. फक्त दिवा लावायला देवापुढे गेले की काडी ओढवत नसे. आणि एक दिवस लक्षात आलं, पोरीच्या बाबांनी दवाखान्यातून आल्यापासून दाढी केली नव्हती. आम्ही एकमेकांना काहीच सांगितलं नव्हतं.

तुळशीचं लग्न जवळ आलं. थोरल्या दिरांच्या अंगणात ते मोठं होतं, अर्धा गाव जमतो. सकाळी ते आले तेव्हा आम्ही परातीपाशी बसलो होतो. लेक आतल्या खोलीत पलंगावर, दार उघडंच होतं. दीर उभ्या उभ्याच म्हणाले, "पाकळ्या टाकू नोका बरं. यंदा तुळशीले तुमच्याच फुलांचा हार करू. गावात कोनाजवळ हाय असं फूल?"

पोरीचे बाबा मान खाली घालून तंतू काढत होते. म्हणाले, "नाही देता येत, दादा."

"काऊन?"

"आमच्या घरी सुतक हाय."

दिरांना वाटलं, नवीनच कोणी गेलं. ते दचकून खाली बसले. "कोन गेलं? मले काऊन नाही सांगतलं?"

"तुमाले माईत हाय कोन गेलं ते."

मी हातातलं फूल तसंच धरून बसले. दीर समजावणीच्या सुरात म्हणाले, "अरे, ते नाही बसत त्याच्यात. मी तुले सांगतलं होतं न."

"नसन बसत," हे म्हणाले. "मी मांडीवरून खाली ठेवलं त्याले, दादा. जावयाच्या हातून सुटत नव्हतं. मी घेतलं आन् मी ठेवलं. मंग मले सुतक नाही तं कोनाले हाय?"

दीर उठले. त्यांना चपला सापडेनात. पायातच होत्या. गेले.

आतून आवाज आला. लेक रडत होती. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा, मोठ्याने, लहानपणी रडायची तशी. मी उठायला लागले तर यांनी माझा हात धरला. "रडू दे तिले," म्हणाले. आम्ही बसून राहिलो. ते ऐकणं फार अवघड होतं आणि ते ऐकायला मिळालं म्हणून बरंही वाटत होतं. असं दोन्ही एकदम होतं हे मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरल्या जाऊबाई आल्या. डोक्यावर पदर, हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि पिठल्याचं पातेलं. सुतकाच्या घरी भाऊकीने न्यायचं असतं तसं, बिनफोडणीचं. मला म्हणाल्या, "चूल पेटवू नोको. हे बी येऊन राह्यले मांगून, सुतकाची आंघोळ केली त्याइनं, धोतर वाळत हाय." एवढं बोलून माझ्या चुलीपाशी न जाता त्या सरळ आतल्या खोलीत गेल्या आणि पलंगाच्या कडेवर बसल्या. लेक त्यांना मोठीमाय म्हणते.

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडून पिठल्यात बुडवला आणि तिच्या तोंडापुढे धरला. तिने तोंड उघडलं. दुसरा घास धरला, तोही घेतला. मी दारात उभी होते. माझ्या हातून तिने इतके दिवस धड दोन घास घेतले नव्हते.

मग जाऊबाईंनी हात पदराला पुसला आणि विचारलं, "पोरगा होता का पोरगी होती, बाई?"

इतक्या दिवसांत हे कोणीच विचारलं नव्हतं. दवाखान्यात चौकशीला आलेल्यांनी नाही, गिरणीवरच्या बायांनी नाही, भाऊकीतल्या कोणी नाही.

"पोरगी," लेक म्हणाली. "केस लय होते तिले, मोठीमाय. काळेभोर. कानावर आलेले."

"आन् रंग?"

"माह्या बाबावानी. सावळी."

"मंग नाक बी त्याइचंच असन, फेंदारलेलं," जाऊबाई म्हणाल्या.

लेकीने डोळे पुसले आणि मान हलवली. "नाही. नाक आईचं होतं."

जाऊबाईंनी पाय वर घेतले, नीट मांडी घालून बसल्या, आणि तिचा हात आपल्या हातात घेतला. "सांग," म्हणाल्या. "अजून सांग."